विजेच्या गाडीला भिर्रर्र!

‘माईक माझ्या हातात द्या, लंगडा बैलसुद्धा घाट फोडून जाईल!’ असं ईश्वरराव गव्हाणे शिरूरच्या बाजारात छाती ठोकून सांगायचे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. बैलगाडा शर्यतीचा असा निवेदक शिरूर-दौंड भागात दुसरा नव्हता. त्यांनी एकदा ‘भिर्रर्र!’ म्हटलं की बैल तर बैल, घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेची माणसंसुद्धा चार पावलं पळायची! त्यामुळे रांजणगावात कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या विजेच्या गाड्यांची शर्यत भरली, तेव्हा निवेदनाचं बोलावणं त्यांनाच आलं.

शिरूरची गाडी चालवणार होता त्यांचा सख्खा भाचा, इंद्रजीत. जिंकणारा संघ चेन्नईच्या मोठ्या शर्यतीला जाणार होता आणि पोरानं तिथल्या ट्रॅकचं चित्र उशाशी चिकटवून ठेवलं होतं.

‘दादा, जरा बेतानं बोल हां,’ बहीण अंजना म्हणाली. ‘पोराचं सपान हाय.’

‘अगं, मामा माईकवर असताना भाचा हरंल व्हय?’

संयोजक सायली मॅडम नियम सांगू लागल्या. ‘ही पर्यावरणपूरक स्पर्धा आहे. सगळ्यांना वीस फेऱ्या पूर्ण करायच्या आहेत आणि त्यानंतर...’ एवढ्यात ईश्वररावांना ओळखीचे चेहरे दिसले. पुढचे नियम रामराम घालण्यात गेले.

गाड्या सुटल्या. म्हणजे सुटल्या असं लोक म्हणाले! ना आवाज, ना धूर, ना धुरळा. ईश्वरराव पार चक्रावले. घाटात चाकं खडखडतात, बैल फुरफुरतात, डोळे मिटूनही गाडा कुठं आला ते कळतं. इथं गाड्या मांजरीच्या पावलानं यायच्या आणि जायच्या. ही दुसरी फेरी की पाचवी? पुढं दिसतोय तो पुढं आहे, की अख्खी फेरी मागं राहिलाय म्हणून पुढं दिसतोय?

तेवढ्यात मोठा पडदा दिसला. शिरूर ७१, दौंड ८२! ईश्वररावांचा जीव भांड्यात पडला. आकडे म्हणजे सेकंद! आणि ज्याचे सेकंद कमी त्याचा गाडा पुढं, हे शिरूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

‘मंडळीऽऽ! शिरूर एकाहत्तर! दौंड बसलंय ब्याऐंशीवर रवंथ करत! पळीव इंद्रजीत, भिर्रर्र!’

शिट्ट्या वाजल्या. इंद्रजीतची गाडी बाणासारखी सुटली. आकडा झाला पंचावन्न. मग चाळीस!

‘वाघ हाय वाघ! मामाचं नाव काढलं!’

सायली मॅडम पळत आल्या आणि दोन्ही हात खाली-खाली करू लागल्या. ईश्वररावांना वाटलं, पर्यावरणाचा कार्यक्रम आहे, आवाजाचं प्रदूषण नको म्हणत असतील. त्यांनी मोठ्या मनानं माईक बाजूला ठेवला आणि मोकळ्या गळ्यानं ओरडायला लागले. तो आवाज माईकपेक्षा मोठा होता!

‘मामा, उलटं आहे हो! सगळं उलटं आहे!’ मॅडम ओरडल्या.

‘म्याडम, आत्ता न्हाई! पोरगं नवावर आलंय!’

शेवटची फेरी. पाच. दोन. आणि पडद्यावर शून्य!

‘शून्य! मंडळी, शून्य सेकंद! सुटायच्या आधीच पोचली गाडी! असा गाडा आजवर कुणी बघितला न्हाई! झाली, झाली, झालीऽऽ!’

भंडारा उधळला गेला. अंजनानं जागच्या जागी फुगडी घातली. इंद्रजीतची गाडी मात्र शेवटच्या रेषेच्या अलीकडे उभी राहिली होती आणि काही केल्या हलेना. तिच्या शेजारून दौंडची गाडी निवांत, पाहुण्याच्या घरी निघाल्यासारखी गेली आणि रेषा ओलांडून थांबली. तिचा आकडा होता चौतीस.

सायली मॅडमनी माईक उचलला. ‘वीस फेऱ्यांनंतर ज्याची बॅटरी सर्वांत जास्त शिल्लक, तो विजेता. दौंड!’

भंडाऱ्यानं पिवळाधमक झालेला इंद्रजीत हेल्मेट काखेत घेऊन चालत आला.

‘अरं, तुला म्हाईत हुतं ना रं?’

‘व्हय मामा. कानातल्या फोनवर आमची पोरं ‘हळू, हळू’ म्हणत हुती. पर तुमचा आवाज ऐकला आन् पायच ऐकंना.’

ईश्वररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्या आवाजावर मिरवलं, त्यानंच भाच्याची चेन्नई घालवली होती. अंजना पदरानं पोराच्या तोंडावरचा भंडारा पुसत राहिली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इतक्यात दौंडच्या संघाचा कप्तान रोहन शाल आणि नारळ घेऊन आला आणि वाकून पाया पडला.

‘मामा, पुढची शर्यत आमच्या दौंडला हाय. निवेदनाला तुमीच पायजे!’

ईश्वररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणजे कदर करणारे लोक अजून आहेत तर! त्यांनी शाल सावरली, घसा खाकरला.

‘येतो की! बोल, कुणाचं नाव जोरात घ्यायचं?’

‘कुणाचंबी घ्या मामा,’ रोहन हात जोडून म्हणाला, ‘फकस्त आमच्या गाडीचं तेवढं घेऊ नका!’