दिवस बुडायच्या आत

अण्णाप्पांच्या मोटरीवर गदा येणार, ही बातमी खालच्या मळ्यातल्या तानाजीने आणली. तानाजीच्या बातमीत निम्मा मीठमसाला असतो, हे अण्णाप्पांना ठाऊक होतं. पण मोटरीचं नाव निघालं की त्यांचं डोकं चालत नसे. कृष्णेच्या घाटाला लागून दगडी चौथऱ्यावर बसलेली ती मोटर गेली, तर वरचा सगळा ऊस वाळून जाणार.

"अण्णा, उद्या समिती येणार हाय. आपला नदीकाठ संरक्षित वारसा करायचा का न्हाई, ते बगाय," तानाजी म्हणाला. "एकदा संरक्षित झाला की काठावर खुटी ठोकाय मिळत न्हाई. मोटरी तर पहिल्या उचलत्यात."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाय कशाला पायजे? एवढं कळतंयच की."

"आन आपल्या काठात असं काय हाय रं बगण्यासारखं?"

"पाणमांजरं! दिवस बुडताना घाटापाशी येत्यात न्हवं का, ती."

येतात खरी. घाटालगतची अण्णाप्पांची गल्ली सगळी जैनांची. तिथे कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. त्यामुळे मासे माजलेले, आणि माशांच्या मागे पाणमांजरं. पाणमांजरं दिसलीच नाहीत तर वारसा कशाचा, असा अण्णाप्पांनी हिशेब मांडला. समितीला अंधार पडेपर्यंत घरात अडकवायचं ठरलं. आपल्याकडे पाहुणा अडकवायचा म्हणजे जेवायला बसवायचा.

"अगं, उद्या चौघं जेवाय हायत. पुरणपोळीचा बेत कर."

"करते की," पद्मावती म्हणाली. तिला पाहुण्यांचा कधी कंटाळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर समिती आली. प्रमुख होत्या पल्लवी मॅडम. मूळच्या रहिमतपूरच्या, त्यामुळे फेट्याला आणि जेवणाला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांना कळत होतं.

"अण्णा, आधी काठ बघून घेऊ या का?"

"काठ काय पळून जातोय व्हय, मॅडम? आधी सत्कार!"

तानाजीने चौघांना फेटे बांधायला घेतले. एक बांधावा, लांबून बघावा, तुरा वाकडा झाला म्हणून सोडावा. त्यानंतर अण्णाप्पा भाषणाला उभे राहिले. कृष्णामाईला त्यांनी महाबळेश्वरावरून सोडलं आणि काठावरचं एकेक गाव घेत घेत कशीबशी वाईपर्यंत आणली. एवढ्यात स्वयंपाकघरातून पद्मावती बाहेर आली.

"आवं, ही नदी सांगलीला कवा पोचायची? पानं वाढल्यात. दिवस बुडाय आलाय!"

अण्णाप्पांनी भाषण वाईतच सोडलं. दिवस बुडाल्यावर ज्या घरात जन्मात कुणी घास खाल्ला नाही, त्या घरात ते पाहुण्यांना अंधारापर्यंत जेवत बसवायला निघाले होते! स्वतःच्या घरची रीत ते मोटरीच्या काळजीत साफ विसरले होते.

तरी त्यांनी हार मानली नाही. "सावकाश होऊ द्या, घाई न्हाई."

"घाई हाय," पद्मावती म्हणाली. "उरका, साहेब."

"आणखी एक पोळी घ्या."

"घ्या, पण गप्पा नकोत."

एक साहेब वारसा म्हणजे काय ते समजावून सांगू लागले, तर तिने त्यांच्या वाटीत कटाची आमटी ओतून खिडकीतला सूर्य दाखवला. साहेब मुकाट्याने भुरके मारू लागले. चौघांचे हात धुऊन झाले, तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांवर चांगला हातभर होता.

"उरलेल्या पोळ्या माशांना टाकाय चाललेय. येताय का, मॅडम? तेवढाच तुमचा घाट बगून हुईल."

घाटावर गल्लीतल्या साऱ्या बायका आपापल्या टोपल्या घेऊन आल्या होत्या. पोळीचे तुकडे पडताच माशांची झुंबड उडाली. मग पाण्यातून एक मिशाळ डोकं वर आलं, पाठोपाठ आणखी तीन. एकाने जाडजूड मासा पकडला आणि दगडावर बसून मटकावला.

"अगं बाई! माझ्या पुरणपोळीवर पोसलेला मासा न्हेला की मेल्यानं!" पद्मावती हळहळली.

पल्लवी मॅडम फेटा सावरत खळखळून हसल्या. "असा काठ मी कुठे पाहिला नाही, अण्णा. हा संरक्षित व्हायलाच हवा."

अण्णाप्पा मटकन पायरीवर बसले. "मग मॅडम, माझी मोटर कवा उचलायची?"

तेवढ्यात एक पाणमांजर मासा तोंडात धरून मोटरीच्या चौथऱ्याखालच्या फटीत शिरलं. आतून चिंवचिंव ऐकू आली.

"उचलायची? अहो, तिच्याखाली पिल्लं आहेत!" मॅडम म्हणाल्या. "त्या चौथऱ्याचा दगडसुद्धा हलवायचा नाही. मोटर आहे तिथेच राहणार, माझी तशीच शिफारस असेल."

अण्णाप्पांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून पाणमांजरांनाच नमस्कार केला.

तानाजीचं तोंड मात्र उतरलं. त्याची मोटर जरा खालच्या अंगाला होती आणि तिच्याखाली बेडूकसुद्धा राहत नव्हता. दुसऱ्या दिवशी अंधार पडला तरी तो चार भाकऱ्या घेऊन आपल्या मोटरीच्या चौथऱ्यावर बसून होता आणि पाण्याकडे बघून विनवत होता, "या की गं बायांनो! जागा लय ऐसपैस हाय!"

पद्मावती रिकामी टोपली घेऊन घराकडे निघाली होती. तिला त्याची दया आली.

"तानाजी भावजी, उद्यापासनं लवकर येत जावा," ती म्हणाली. "आमच्या गल्लीतली पाणमांजरं हायत ती. दिवस बुडाल्यावर जेवत न्हाईत."