घवाळी गुरुजींची सही

आमच्या वाडीत सगळ्यात देखणं अक्षर घवाळी गुरुजींचं. आणि आमच्या वाडीत आता अंगठा लावणारे उरलेत तेही घवाळी गुरुजीच. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. लग्नपत्रिकांवरची नावं अजून लोक त्यांच्याकडूनच लिहून घेतात. पण गॅसवाला आला, कुरिअरवाला आला, की गुरुजी सदऱ्याच्या खिशातून शाईचं पॅड काढणार आणि डावा अंगठा दाबणार. समोरचा म्हणतो, "गुरुजी, सही करा की!" गुरुजी म्हणतात, "सही संपली माझी."

एकदा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना माझ्या रिक्षातून रत्नागिरीला नेलं. बँकेतली पोरगी म्हणाली, "आजोबा, शाळेत नाही का गेलात?" गुरुजींनी तिचा फॉर्म स्वतःकडे ओढला, तिने केलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि खाली अंगठा उमटवला. मी बाहेर येऊन पोट धरून हसलो. तेव्हा हसायला यायचं मला.

हे खूळ कुठून लागलं ते सांगतो. आमची वाडी पावस गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. पावसाळ्यात घाटीच्या पायऱ्यांना शेवाळ धरतं आणि मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवतात. मग दरसाल सरकारी टँकर यायचा. त्यात सरकारने नळयोजना दिली. खरंच दिली, खोटं कशाला बोलू? पाइप आले, सड्यावर टाकी उभी राहिली, दारोदार नळ बसले. फक्त ज्या विहिरीचं पाणी वर चढवायचं, ती विहीर दिवाळीनंतर आटते. वाडीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण विचारलं कोणी?

दिवाळी उलटल्यावर तपासणी ठरली. त्या दिवशी ठेकेदाराने सकाळीच टँकर आणून टाकीत ओतला. साहेब आले, नारळ फुटला, गुरुजींच्या दारातला नळ सोडला आणि धो धो पाणी! काकींनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोने, नळाला हळदकुंकू लावलं. कळशी भरली, हंडा भरला, आणि एक काचेची बाटली भरून, घट्ट बूच लावून देवापाशी ठेवली. जशी काय दारात गंगाच आली. गुरुजी पाणी कमिटीचे अध्यक्ष. साहेबांनी कागद पुढे केला. गुरुजींनी काकींकडे बघितलं, वळणदार अक्षरात लिहिलं, "पाणी आले", आणि सही केली. टँकर त्यांनीही पाहिला होता. मीही पाहिला होता. कमिटीचा मेंबर म्हणून त्यांच्या सहीखाली माझी सही आहे. मी अजून खुशाल सह्या करतो.

साहेबांची गाडी वळणाआड गेली आणि थोड्या वेळाने नळ खोकला, दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. तो बंदच.

उन्हाळा आला, टँकर काही येईना. तालुक्याच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, "तुमच्याकडे पाणी आलंय. तुमच्याच अध्यक्षांनी लिहून दिलंय. नळ असलेल्या वाडीला टँकर नाही." त्या दिवसापासून गुरुजींचा अंगठा सुरू झाला, आणि दर सोमवारी आमची ऑफिसची वारीही.

"साहेब, 'आले' हा भूतकाळ आहे. त्या दिवशी आले. 'येते' असे मी लिहिलेले नाही."

"गुरुजी, आले म्हणजे आले."

"मग माझी सही परत द्या."

"सही म्हणजे काय उसनी नेलेली परात आहे, परत द्यायला?"

असं वर्ष गेलं. पुन्हा विहिरी आटल्या. शेवटी तिथल्या एका क्लार्कला दया आली. म्हणाला, "पाणी येत नाही असा अर्ज द्या, टँकरचं मी बघतो. पण अंगठा चालायचा नाही. अध्यक्षांची सही लागेल, जुन्या सहीशी जुळणारी."

गुरुजी ताडकन उठले. "एका सहीने वाडी तहानली. दुसरी करणार नाही."

माझं डोकंच फिरलं. रिक्षात बसल्यावर बोललो, "अहो, बायामाणसं खाली पऱ्यातून, ओढ्याच्या डबक्यातून, पाणी उपसून घाटी चढतायत, आणि तुम्ही कसला हट्ट धरून बसलात?"

त्याच आठवड्यात काकी घाटीत पडल्या. डोक्यावर भरला हंडा होता. खुबा मोडला.

हॉस्पिटलातून येताना गुरुजी मला म्हणाले, "पेन दे." अर्ज लिहिला, खाली सही केली. ऑफिसात क्लार्कने जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी धरले. जुनी सही छापल्यासारखी होती. नवीचं एकही अक्षर रेघेवर उभं राहत नव्हतं. क्लार्कचंच तोंड उतरलं.

"जुळत नाही हो, गुरुजी."

त्यांनी तिथेच बसून आणखी चार सह्या केल्या. एकही जुळली नाही. टँकर आला नाही तो नाहीच.

काकी पुन्हा उठल्या नाहीत. शेवटच्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन गेलो, तर घरात बाया जमलेल्या. कोणीतरी गंगेच्या पाण्याचा गडू आणला होता. काकींनी मान हलवली आणि देवाकडे बोट केलं. तिथे ती बाटली होती.

"अहो," काकी म्हणाल्या, आवाज अगदी बारीक, "आपल्या नळाचं द्या. म्हणजे तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही व्हायचं."

गुरुजींना बूच निघेना. मी काढून दिलं. शाईने निळ्या झालेल्या अंगठ्याने त्यांनी तुळशीचं पान धरलं, बुडवलं आणि काकींच्या ओठांवर टेकवलं. साध्या बोलण्यातही पुस्तकी बोलणारा हा माणूस. वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला,

"आलं गं. पाणी आलं."