डिकीत बसून ऐकणारे भानुदासकाका

माझ्या गाडीची डिकी उघडून भानुदासकाका आत शिरले, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झाले आणि म्हणाले, "लावा झाकण. सावकाश चालवा. तोंडातनं शब्द काढू नका." सत्तरीचा माणूस, धुतलेलं धोतर नेसलेला! तशी ती गाडी मी आमच्या गावच्या शुक्रवार पेठेतून सकाळी दहाच्या गर्दीत फिरवली. डिकी लावताना कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं मला पाहिलं होतं. तो अजूनही माझ्याकडे संशयानं बघतो.

काका आमचे शेजारी. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात हातोडीनं चाकं ठोकायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा, यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण कान काही निवृत्त होईनात. गल्लीत कुणाची गाडी जरा खडखडली की हे हातातला चहा टाकून बाहेर. पहिला प्रश्न ठरलेला, "पोटातला हाय का अंगावरचा?" पोटातला म्हणजे इंजिनाचा. अंगावरचा म्हणजे दारं, काचा, सीट यांचा. सांगता आलं नाही तर तोंडानं काढून दाखवायला लावायचे. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारे आमच्या गल्लीतले वकीलसाहेब भर रस्त्यात "चुंईकट्, चुंईकट्" करत उभे होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

बरं, हसून सोडून द्यावं तर माणूस खरा निघतो. माझ्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय म्हणाले, मी कानाडोळा केला, आणि आठवड्यानं मेकॅनिकनं त्याचे तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. चुकतात तेही थाटात. एकाच्या गाडीची दोन दारं खोलून झाल्यावर सीटखाली शेंगाच्या चटणीचा डबा सापडला. तर म्हणे, "डबा बी ढिला झाल्ता की."

आता त्या डिकीचं कारण सांगतो. काकूंना चार पावलं चाललं तरी धाप लागायला लागली होती. इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाच्या झडपेत आवाज येतोय, पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. स्टेशनचा जिना काकूंना झेपणार नव्हता, म्हणून मीच म्हटलं, माझ्या गाडीनं जाऊ. गुरुवार ठरला.

गुरुवारी सकाळी काकांना माझ्या गाडीत आवाज ऐकू आला. पोटातला. असल्या गाडीतून हिला नेणार नाही म्हणाले. पुण्याला फोन करून वेळ बदलून घेतली. मेकॅनिकनं गाडी खालून-वरून तपासली, काही सापडलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच आवाज, पुन्हा पुण्याला फोन. ती डिकीतली वरात त्यानंतरची. मला स्वतःला ढिम्म काही ऐकू येत नव्हतं, पण काकांचा कान मला ठाऊक होता ना! पुण्याच्या वाटेवर टेंभुर्णीच्या पुढं गाडी बंद पडली आणि काकूंना धाप लागली तर? वर्गावर शिकवतानाही माझ्या डोक्यात तेच. इकडे काकूंच्या पायांवर सूज चढत चालली होती आणि बायको रोज विचारायची, जाणार कधी तुम्ही?

तिसऱ्या गुरुवारी काकू पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. काका बॉनेटला कान लावून उभे राहिले. "मास्तर, आज नको. येतोय आवाज."

माझं डोकंच फिरलं. गाडी मी अजून चालूच केली नव्हती. किल्ली माझ्या हातात होती. ती त्यांच्यापुढे धरली आणि चांगला खेकसलो, की काका, गाडी बंद आहे, आणि काकूंचे पाय बघा जरा.

त्यांनी बॉनेटवरचा कान काढला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वर्कशॉपात ज्या चाकाचा आवाज बिघडला, त्याच्यावर मी खडूनं फुली मारायचो, मास्तर. फुलीचं चाक परत गाडीला लागलेलं मी कधी बघितलं न्हाय. डाक्टरनं हिचा आवाज ऐकलाय. पुण्यात बी त्यांनी फुलीच मारली तर?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला स्वतःची लाज वाटली. काकूंनी काच खाली केली.

"अवो, मी काय लोखंडाची हाय व्हय? तितं दुरुस्त करत्यात माणसाला. या, बसा हितं."

काका मुकाट्यानं त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मोडनिंब जवळ आलं आणि मागचं दार खडखडायला लागलं, अगदी मोठ्यानं. आता हे गाडी वळवायला लावणार! आरशात पाहिलं, तर काकांनी काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"काका, आवाज येतोय," शेवटी मीच म्हणालो.

"येऊ द्या," ते म्हणाले. "तुमी थांबू नका."