‘बाबा’चं मूळ आणि आमचं मूल

“बाई, लेकरू असं हातोहात फिरवू नका. दहा जणाईनं घेतलेलं लेकरू कोनाच्याच ध्यानात राह्यत नाही!” शेजारच्या मैनाबाईंनी मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. नागपूरची बी.ए. मी! नजर घारीची! झोपेतसुद्धा बाळाचा श्वास ऐकणारी!

त्या रविवारी अंगणात चहा चालू असताना बाळ पहिला शब्द बोललं, “बाबा!”

हे असे फुगले, जणू पोलाद कारखान्याच्या भट्टीतलं पहिलं लोखंड यांनीच ओतलं. “पाह्यलं? मले हाक मारली!”

“तुम्हालाच कशावरून? हिंदीत बाबा म्हणजे साधू!”

समोरचे दासबाबू तावातावानं म्हणाले, “हमारा बांग्ला में बाप भी बाबा, बेटा भी बाबा!”

यांच्या रशियन साहेबांची बायको नीना पाहुणी आली होती. तिनं कमरेत वाकून, काठी टेकल्यासारखं करून दाखवलं. “बाबा? रूस में बूढ़ी! दादी!”

यांचा चेहरा पडला.

“मूळ शब्द फारसी आहे,” मी ठणकावलं.

“फारसी कैसे? हमारा अपना है!”

झालं! मी फारसीवरून तुर्कीवर गेले, दासबाबू संस्कृतवर. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. मधेच नीना हात हलवून बस पकडायला गेली.

“बरं, बाळ द्या इकडे,” मी म्हटलं.

सगळ्या मांड्या रिकाम्या!

“म्या तं दासबाबूले देल्लं,” मैनाबाई म्हणाल्या.

“हम मेमसाब को दिया!”

पाळणा रिकामा. खाटेखाली नाही. न्हाणीत पाण्याचं टाकं भरलेलं! मी खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. हाताला लागला तो पितळी गडवा.

“नेलं का काय तिनं रशियाले!” हे ओरडले, आणि बनियनवरच सायकल काढून रशियन हॉस्टेलकडे सुटले.

तेवढ्यात मैनाबाईंची हाक आली, “अवो बाई, हे पाहा! माह्या खाटेवर कोन निजून राह्यलं!”

बाळ! गाढ झोपलेलं! दोन्हीकडे उशी लावलेली, अंगावर नीनाचा रुमाल. झोपलं म्हणून बिचारीनं ‘आमच्या’ घरात नेऊन निजवलं होतं. सेक्टरातली सगळी क्वार्टरं एकाच साच्यातली. तेच दार, तोच रंग, तीच लोखंडी खाट! तिनं तरी काय ओळखावं?

बाळाला मी छातीशी धरलंय, ते अजून खाली ठेवलेलं नाही.

पण हे अजून आले नाहीत हो! तुम्ही हॉस्टेलच्या बाजूला राहत असाल, तर जरा बाहेर डोकावता का? बनियनवर दारोदार फिरणारा कोणी दिसला तर सांगा, पोर सापडलं. आणि आमचा क्वार्टर नंबरही सांगा. गेल्या आठवड्यात हे आपलंच घर समजून मैनाबाईंच्या पाटावर जेवायला बसले होते!