होनेवाले दामाद भुपेंद्र

"रेडिओतले सेल काऊन काढून राहिले जी?" सुखवंतानं विचारलं. पाहुणे यायला अर्धा तास होता, आत रिंकी साडी नेसत होती, आणि तिचे वडील उदेलाल पटले रेडिओ पोटाशी धरून बसले होते.

दुसऱ्या कुणी सेल काढले असते तर गोष्ट निराळी. पण उदेलाल म्हणजे तिरोड्याच्या रेडिओ श्रोता संघाचे अध्यक्ष! जुन्या हिंदी गाण्यांचे गायक आणि गीतकार त्यांना सख्ख्या साडूंपेक्षा पाठ. फर्माइशीच्या कार्डावर घरादाराची नावं लिहायची, हा संघाचा रिवाज. गेल्या दिवाळीत रिंकीची सोयरीक जमली तेव्हा एका कार्डावर मोठ्या हौसेनं नावं गेली, 'उदेलाल, सुखवंता, बिटिया रिंकी और होनेवाले दामाद भुपेंद्र.' सोयरीक महिन्याभरात मोडली. कार्ड मात्र रेडिओवाल्यांकडे सुखरूप होतं.

"काल रेडिओवाल्या बाईनं सांगतलन, त्या कार्डावरचं गानं उद्या एक वाजता लावते म्हनून," उदेलाल कुजबुजले.

"अन् हे तुमी आत्ता सांगून राहिले?" सुखवंतानं कपाळावर हात मारला. "यंदाचं तिसरं स्थळ हाये हे. पोरगा बँकेत हाये, फोटोत पोरीलेबी आवडला. हे हातचं गेलं त तुमाले रेडिओसंग बाहेर काढीन!" मग तिनंच ते सेल तांदळाच्या डब्यात खुपसले.

पाहुणे आले. मुलगा धर्मेंद्र, त्याची आई चमेलीबाई आणि वडील बिसराम. चपला काढता काढताच बिसरामना कोनाड्यातला रेडिओ दिसला.

"अरे वा! तुमीबी श्रोता काजी? मी आमगावच्या संघाचा सचिव!"

"बिघडला हाये तो," उदेलाल घाईघाईनं म्हणाले.

पोहे झाले. रिंकी येऊन बसली. पाऊण वाजला तसे बिसराम सारखे घड्याळ पाहू लागले. त्यांना गुंतवायला उदेलालनी वाद उकरून काढला. "मले सांगा भाऊ, गानं गायकाचं का गीतकाराचं?"

"गायकाचं! पडद्यामागं तोच त गाते."

"अन् शब्दच नसते त? गायक काय नुसता खाकरते?"

"शब्द कागदावर पडून राहतेत जी. आवाज लागते!"

वाद मस्त तापला. असाच दीडपर्यंत नेला की गंगेत घोडं न्हालं, असं उदेलाल मनात म्हणतात न म्हणतात तोच बिसराम गरजले, "थांबा! रेडिओवाली बाई पयलं नाव कोनाचं घेते? गायकाचं का गीतकाराचं? आयकूच!" आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मोबाईलवरही रेडिओ लागतो, हे अध्यक्षांच्या ध्यानातच नव्हतं.

"इकडं नेटवर्क नाई..." उदेलालचं वाक्य पुरं होण्याआधी मोबाईल खणखणीत वाजला. "और इस गीत को सुनना चाहते हैं तिरोडा से उदेलाल, सुखवंता, बिटिया रिंकी और होनेवाले दामाद भुपेंद्र!"

गाणं सुरू झालं, पण ऐकतंय कोण! धर्मेंद्रचा चहा बशीत सांडला. रिंकीनं तोंडाला पदर लावला.

"जुनं कार्ड हाये जी ते," सुखवंता रडकुंडीला आली. "ते सोयरीक कवाचीच मोडली. आमी सांगतलं नाई, चुकलं आमचं."

बिसराम उठले. आता हे चपला घालणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी उदेलालचे दोन्ही हात धरले. "सात वर्सं कार्डं धाडून राहिलो जी. सात वर्सं! एकबी नाई वाचलन. तुमचं कसं काय वाचलन?"

"पोरगी लिवते," उदेलाल चाचरले. "तिचं अक्षर मोत्यावानी हाये. बाईले वाचाले सोपं जाते."

"चमेली, पोरगी पसंत!"

"अवो, पोराले त विचारा!" चमेलीबाई म्हणाल्या.

धर्मेंद्रनं रिंकीकडे पाहिलं. ती खालमानेनं, पण ठसक्यात बोलली, "कार्डं लिवून देईन. पन पयलं नाव माझं राहीन."

"मंजूर!" धर्मेंद्र हसला.

"मंग येत्या महिन्यातच लगन उरकू," बिसरामना दम निघेना. "दर आईतवारी मी सांगत जाईन, सूनबाई लिवत जाईन. दहा दहा कार्डं!"

सुखवंता डोळे पुसत साखर आणायला उठली. उदेलालचा चेहरा मात्र पडला. त्यांचं स्वतःचं अक्षर गावच्या पोस्टमनलाही लागत नसे. ते बिसरामच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, एवढी घाई कायले? पोरगी लहान हाये अजून. दोन-तीन वर्सं थांबलो त चालते काजी?"