आधी डोळा, मग पाय

दूध आणायला निघालेला मी एकदा थेट बसस्टँडवर पोहोचलो. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतला आमच्या घरासमोरचा रस्ता तेवढा ओलांडायचा होता. गाड्या थांबाव्यात म्हणून ऐटीत हात वर केला. गाड्या कसल्या थांबतात! थांबला एक ऑटो. "बसा भाऊ!" इतक्या प्रेमानं म्हणाला, की नाही म्हणवेना. बसलो.

परतलो तर शेजारचे काकाजी फाटकातच उभे. "ऐकलं ना मी सारं! हात काऊन दाखवला, बापू? हात ऑटोले दाखवाचा. गाडीवाल्याले डोळा दाखवाचा!"

काकाजी म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. मुलगा पुण्याला, घरी एकटेच. काठीला चक्क बैलाची घुंगरमाळ बांधलेली. कुणी हसलं तर म्हणतात, "बैलाले बांधता तवा नाई हसत!" मोबाईल कानाला लावून कुणी रस्त्यात उतरला की यांची काठी आडवी. "थो फोन खिशात टाक. वर गेल्यावर रेंज नाई भेटत!"

त्यांच्यासोबत रस्ता ओलांडणं म्हणजे तोंडी परीक्षाच! मनगट घट्ट धरायचे आणि सुरू.

"काय येऊन राह्यलं?"

"ट्रक."

"ड्रायव्हरनं आपल्याकडे पाह्यलं?"

"पाहिलं असेल."

"असेल? असेलवर पाय नाई टाकाचा! आधी डोळा, मग पाय!"

पास झालो की भर रस्त्यात पाठीवर शाबासकी. पन्नाशीच्या माणसाला शाबासकी देतो कोण हो आजकाल? मी तर फुलून जायचो!

माझी बायको या परीक्षेला रोज बसायची. भाजीला निघाली की, "काकाजी, मले भीती वाटते जी, चला ना!" वर्ध्याहून नागपूरपर्यंत एकटी स्कूटर हाकणारी बाई ही!

परवा मला चेव आला. उजवीकडून ई-रिक्षा येत होती, अगदी जवळ. काकाजींनी विचारलं, "काय येऊन राह्यलं?" मी थट्टेनं म्हणालो, "काही नाही, रस्ता मोकळा!" म्हटलं, आता पडते पाठीत काठी.

काकाजींनी सरळ पाऊल टाकलं.

कसंबसं मागे ओढलं. रिक्षावाला शिव्या देत गेला. काकाजी काठीनं रस्त्याची कड चाचपत राहिले, घुंगरं वाजत राहिली.

"काकाजी, दिसली नाही तुम्हाले?"

"ट्रक आवाजावरून समजते. इले आवाजच नाई ना, बापू." मग खालच्या आवाजात, "दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचं जाळं आलं. पोराले सांगजो नको. तो घेऊन जाईल पुण्याले. तिथं माह्याजवळ परीक्षेले कोण बसन?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. वर न बघताच म्हणाली, "मले माहीत आहे. ऑपरेशनले त्यायले तयार करून राह्यली मी. तोवर माह्यासारखं तुम्हीही रस्त्याले भेत जा."