दुमिंग मास्तरांच्या भावना

भावना दुखावणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी ज्याच्या भावना दुखवायच्या तो माणूस आधी हाताशी असावा लागतो. महाडात ख्रिस्ती माणूस एकच होता. म्हणजे साऱ्या ख्रिस्ती समाजातर्फे दुखावून घेण्याची जबाबदारी एकट्या दुमिंग मास्तरांवर होती, आणि गंमत अशी की त्या बिचाऱ्याला तिचा पत्ताच नव्हता.

मास्तर मूळचे कोर्लईचे, रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे. 'सावित्रीतीर विद्योत्तेजक मंडळी'च्या शाळेत ते ड्रॉइंग आणि कवायत शिकवीत. (या दोन्ही विषयांत कोणी नापास होत नसल्यामुळे पोरांचा त्यांच्यावर फार जीव.) चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली मास्तरांच्या डोक्यात एकच किडा होता, नाताळला घर गाठायचं. कोर्लईतली एक मुलगी त्यांच्या मनात भरली होती. विहिरीवर मास्तरांची टोपी वाऱ्यानं उडाली तेव्हा ती खो खो हसली, मग स्वतःच धावत जाऊन टोपी घेऊन आली आणि द्यायच्या आधी तिनं ती पदरानं पुसली. तेवढ्यावर मास्तर दोन वर्षं जगत होते. पण पहिल्या नाताळात त्यांना हिवतापानं धरलं आणि दुसऱ्या नाताळात मोटार वाटेत बसली. आता मुलीच्या बापानं निरोप धाडला होता, "या खेपेला मध्यरात्रीच्या मिस्साला देवळात दिसलात तर बोलणी करू. नाहीतर माझगावचा शिंपी तयार आहे. त्याच्याकडे शिवणयंत्र आहे." शिवणयंत्रापुढं ड्रॉइंगचा टिकाव लागत नाही हे मास्तरांना कळत होतं.

तशी काळजी नव्हती. शाळेला दरवर्षी नाताळची सुट्टी असायचीच. पोरं खूश, मास्तर खूश, आणि येशू ख्रिस्ताचीही काही तक्रार आल्याचं ऐकिवात नव्हतं.

पण मंडळीचे अध्यक्ष कोंडाजीराव वर्तमानपत्र वाचत. बिरवाडीचे मोठे जमीनदार. भाताची कापणी उरकली की वेळ जाता जात नसे, म्हणून मुंबईचं पत्र जाहिरातींसकट वाचून काढीत. त्यात एका सद्गृहस्थानं सवाल टाकला होता की, प्रभूच्या जन्मदिवसाला नुसती 'सुट्टी' म्हणणं हा ख्रिस्ती बांधवांचा अपमान नव्हे काय? कोंडाजीरावांनी तडक हेडमास्तर धारपांना बोलावून घेतलं.

"धारप, आपल्यात ख्रिस्ती किती हाय?"

"एकच. आपले दुमिंगराव."

"आन् त्येला आपण सुट्टी देतो?"

"दरवर्षी देतो."

"अरारा!" कोंडाजीरावांनी कपाळाला हात लावला. "दरवर्षी अपमान करतो त्येचा, आन् तो बिचारा बोलत पन नाय!"

लगोलग उपसमिती नेमली गेली. तिनं प्रथम आकडेवारी गोळा केली: ख्रिस्ती लोकसंख्या एक, पैकी भावना असलेले एक, पैकी तक्रार केलेले शून्य, पैकी मनातल्या मनात कुढणारे, अंदाजे, एक. समाजातले शेकडा शंभर लोक कुढताहेत म्हटल्यावर सभासद खडबडून ताठ बसले. (तळ्याच्या पाण्यावरून गावात भावनांचा प्रश्न निघाला होता, तेव्हा मंडळीचे बरेचसे सभासद आजारी होते. इथे पाण्याचा संबंध नसल्यामुळे सगळे ठणठणीत हजर होते.) खुद्द मास्तरांना सभेला बोलवावं, अशी एक सूचना आली. पण ज्याचं मन दुखलंय त्यालाच 'दुखलं का?' विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ती फेटाळण्यात आली.

मग शब्दांचा कीस पडला. 'सुट्टी' बादच होता, कारण त्यातून 'सुटलो एकदाचे' असा वास येतो. कोणी म्हणालं, 'मोठा दिवस' म्हणू. पंचांग आणवलं. बघतात तर दिवस साऱ्या वर्षात जवळजवळ सगळ्यात लहान! लहानाला मोठा म्हणणं ही सरळसरळ थट्टा झाली. नुसतं 'नाताळ' म्हणावं तर धारपांनी चष्मा पुसून त्याची फोड केली: ना अधिक ताळ, म्हणजे ज्याला ताळ नाही तो. सभासदांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण हे पोरांसमोर मोठ्यानं बोलत होतो!

शेवटी 'पुण्यपर्व' हा शब्द एकमतानं पास झाला. आता पुण्यपर्व म्हणजे सुट्टी नव्हे, हे उघड आहे. सुट्टी नाही म्हणजे शाळा चालू. आणि शाळा चालू म्हटल्यावर त्या दिवशी दुमिंग मास्तरांचं ख्रिस्तचरित्रावर व्याख्यान ठेवणं क्रमप्राप्तच होतं.

ठराव ऐकून मास्तर धापा टाकत कोंडाजीरावांच्या ओसरीवर आले. "साहेब, माझ्या भावना दुखलेल्या नाहीत हो! मला सुट्टीच पाहिजे!"

कोंडाजीरावांचे डोळे भरून आले. "बगा धारप, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून कसा खोटं बोलतोय. केवढं मोठं मन!"

मास्तर खानावळीत आले आणि पानावर नुसतेच बसून राहिले. खानावळवाली रंगूबाई पोलादपूरकडची, तिखट जिभेची. "काय वो मास्तर, आमटीनं काय पाप केलं?"

मास्तरांनी सगळं सांगितलं, अगदी टोपीसकट.

"मग त्येंना तुमचं दुखनंच पायजे ना? दुखतंय म्हना, आजारपनाची रजा टाका नि जा घरला! हाय काय नि नाय काय!"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अर्ज दिला: 'सुट्टी' या शब्दानं भावना अतिशय दुखावल्या असल्यामुळे चार दिवस आजारपणाची रजा मिळावी. मंडळीत आनंदीआनंद झाला. इतके श्रम घेतले त्याचं चीज झालं, माणूस खरोखरच दुखावला होता! रजा जागच्या जागी मंजूर झाली, आणि मास्तरांनी त्या रात्री दोन वाट्या आमटी जास्त घेतली.

माणगावची मोटार दिवसाला एकच, सकाळची. ती गाठली तर पुढं बैलगाडी, मग रोह्याहून मचवा, की मिस्साच्या आधी कोर्लई. नाताळच्या आदल्या दिवशी मास्तर अंघोळ करून, टोपी घालून मोटारीत जाऊन बसले. तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. अख्खी मंडळी हार घेऊन जाहीर माफी मागायला आली होती.

मास्तरांना सन्मानानं खाली उतरवण्यात आलं. कोंडाजीरावांनी माफी मागितली. धारपांनी संस्कृतातून मागितली. मग ज्यांनी कधी 'सुट्टी' हा शब्द उच्चारला होता अशा प्रत्येकानं मागितली, आणि तो सगळ्यांनीच उच्चारला होता. ड्रायव्हर पांडू भोंगा वाजवून थकला, "आटपा वो, म्हाताऱ्या मान्सांना पुढली गाडी गाठायची हाय!" म्हणाला आणि शेवटी निघाला. मास्तर मागून धावले, पण गळ्यातले हार पायात आले.

"कृतज्ञतेनं कसे सैरभैर झालेत बघा," धारप म्हणाले.

पुण्यपर्वाच्या दिवशी शाळा भरली. सुट्टी बुडालेली पोरं मास्तरांकडे खाऊ की गिळू बघत होती. फळ्यावर कोणीतरी मास्तरांच्या तोंडाचं गाढव काढलं होतं. (ते हुबेहूब उतरलं होतं, तीन वर्षांचं ड्रॉइंग वाया गेलं नव्हतं.) रजा असूनही गावातच अडकलेले मास्तर व्याख्यानाला उभे राहिले आणि त्यांना रडूच फुटलं. 'वक्ते भक्तीनं गहिवरले' अशी नोंद इतिवृत्तात आहे.

मुलगी माझगावला गेली. ते कळल्यावर मास्तरांनी धारपांना जाऊन सांगितलं की, सर, आता खरंच दुखलंय. धारपांना वाईट वाटलं, पण उपसमिती आभार मानून केव्हाच बरखास्त झाली होती.

पुढं फाल्गुनात हाच नियम शिमग्याच्या सुट्टीला लावण्याची वेळ आली. तेव्हा मंडळीनं आपल्या भावना नीट चाचपून पाहिल्या आणि 'सुट्टी' या शब्दानं त्या मुळीच दुखावत नाहीत, असं तिला आढळून आलं. सगळे आठ दिवस आपापल्या गावी गेले. दुमिंग मास्तर तेवढे महाडातच राहिले. कोर्लईला जायला आता त्यांना कारण उरलं नव्हतं.

तर वाचकहो, एव्हाना 'सुट्टी' म्हणावं की म्हणू नये, याबद्दल आपलंही काही मत झालं असेल. झालंच पाहिजे, आपण सुशिक्षित आहात. फक्त ज्या मुलीनं ती टोपी पदरानं पुसून दिली तिचं नाव मी अजून सांगितलेलं नाही, आणि आपणही विचारलेलं नाही. कोंडाजीरावांनीसुद्धा विचारलं नव्हतं. आपल्यासाठी मंडळीत सभासदाची एक जागा रिकामी आहे.